चूक सापडली, पण सरांना सांगू कशी?

पत्र आलंय गणित आणि भौतिकशास्त्राच्या एका संयुक्त विभागातून. थोडक्यात देते:

"ताई, माझं पीएच.डी.चं तिसरं वर्ष. दोन वर्षं एकाच प्रमेयावर काम केलं. गेल्या महिन्यात थिसिससाठी टाइप करताना लक्षात आलं की लेमा ४.३ मध्ये (मुख्य प्रमेयाआधीचा छोटा, आधाराचा निकाल) मी लिमिट इंटिग्रलच्या आत नेलीय, म्हणजे दोन क्रियांचा क्रम बदललाय, आणि ते तिथे चालत नाही. बाउंडरीजवळ फंक्शन आवरतच नाही. पुढचं सगळं त्या लेमावर उभं आहे. दोन महिन्यांनी एका परिषदेत याच निकालावर माझं व्याख्यान आहे, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कधीच गेलाय. सरांना अजून सांगितलेलं नाही. ते समोरून येताना दिसले की मी जिना बदलते. भौतिकीवाला मित्र म्हणतो, 'मी न्यूमेरिकली, आकडे घालून तपासलं, सहा दशांश स्थळांपर्यंत जुळतंय, कशाला एवढा ताण घेतेस?' बरोबरच्यांचे पेपर येतायत. मी या कामाच्या लायकीचीच नाही, असं वाटतं. काय करू? — जिना बदलणारी"

अगं, लायकीचं नंतर बघू. आधी हे बघ की चूक कोणी शोधली? तूच ना? पेपर तपासणाऱ्या रेफरीने नाही, परिषदेत मागच्या रांगेत बसलेल्या कुणी खवचट प्राध्यापकानेही नाही. लिमिट आत ढकलताना आपल्या सगळ्यांचाच हात सैल सुटतो. वर एक झाकणारं फंक्शन हवं आणि त्याचं इंटिग्रल सांत हवं, एवढं लक्षात असतं. पण ते फंक्शन कडेपर्यंत टिकतं का, हे बघायचं राहून जातं. टाइप करताना ते तुझ्या डोळ्यांत खुपलं, म्हणजे डोळे शाबूत आहेत.

पण महिनाभर गप्प बसलीस ते मला आवडलेलं नाही. कारण कळतं. मीही माझ्या पीएच.डी.त एक उणे चिन्ह सात आठवडे लपवून बसले होते. शेवटी सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "तरीच. उत्तर जरा जास्तच गोंडस येत होतं." त्यांना शंका होतीच; माझेच सात आठवडे फुकट गेले. तुझ्या बाबतीत तर व्याख्यान आहे. आज गप्प आहेस ती घाबरून. पण त्या दिवशी फळ्यासमोर उभी राहून तू "आम्ही सिद्ध केलं आहे" म्हणालीस, तर तो खोटेपणा होईल. त्या दोहोंमध्ये दोनच महिने आहेत.

अशा वेळी गणिती अँड्र्यू वाइल्सची गोष्ट सांगायची पद्धत आहे. जून १९९३ मध्ये केंब्रिजला त्याने फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली, काही महिन्यांत तीत भोक निघालं, सप्टेंबर १९९४ मध्ये ते बुजलं, शेवट गोड. तसा गोड शेवट तुझ्या वाट्याला येईल, असं मी सांगणार नाही. मला त्या गोष्टीतलं मधलं पान महत्त्वाचं वाटतं. आधीची सात-एक वर्षं जवळजवळ गुपचूप काम केलेल्या त्या माणसाने १९९४ च्या सुरुवातीला रिचर्ड टेलरला, आपल्याच जुन्या विद्यार्थ्याला, मदतीला बोलावलं. भोक काही त्यामुळे लगेच बुजलं नाही, आणखी आठ-नऊ महिने गेले. पण ते दोघांचं झालं. तुझं अजून एकटीचं आहे.

आता तुझा मित्र. त्याला झटकू नकोस, पण त्याचं म्हणणं जसंच्या तसं घेऊही नकोस. सहा स्थळं जुळली याचा अर्थ प्रमेय बहुधा खरं आहे, सिद्धता मोडली आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तू घाबरून त्यांची एकच मोट बांधलीस. "बहुधा"सुद्धा जपून वापर. दिलेल्या आकड्यापर्यंत मूळ संख्या किती, याचा लॉगॅरिद्‌मिक इंटिग्रल या सूत्राने येणारा अंदाज आजवर मोजून पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी खऱ्या संख्येपेक्षा जास्तच निघाला आहे. तरी गणिती लिटलवुडने १९१४ मध्ये सिद्ध केलं की पुढे कुठेतरी हे उलटतं, आणि अनंत वेळा उलटतं. तेव्हा मित्राला एक काम सांग: सगळा भाग पुन्हा मोजू नको, फक्त बाउंडरीजवळचा मोज, आणि कडेकडे सरकताना चूक कशी वाढते त्याचा आलेख दे. लेमा कुठे आणि किती वेगाने फाटतोय, हे तुला त्यातून दिसेल.

शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलत जा, हे मी उगाच म्हणत नाही. फ्रीमन डायसन आणि इयान मॅकडोनाल्ड एकाच काळात प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी या एकाच संस्थेत होते. दोघांच्या मुली एका वर्गात, त्यामुळे भेटीगाठी नेहमीच्या. दोघांच्या हातात एकाच कोड्याची दोन टोकं होती. पण एक भौतिकीवाला, दुसरा गणिती, म्हणून कामाचं बोलणं झालंच नाही. १९७२ च्या एका व्याख्यानात डायसननेच हे हळहळत सांगितलंय.

सरांकडे जाताना एकच पान घेऊन जा. वर लेमाचं विधान, खाली नेमकी कुठली ओळ चालत नाही ती, मग ती मोडणारं तुला सापडेल तितकं लहान उदाहरण. आणि शेवटी सर्वांत कामाचं: काय शाबूत राहिलं. बाउंडरीपासून थोडं आत राहिलं तर सिद्धता चालते ना? तुझ्या पत्रावरून तरी तसंच वाटतंय. मग ते एक प्रमेय आहेच, जरा कमी दिमाखाचं. कडेजवळ वाढीची जादा अट घातली तर दुसरं. आणि उदाहरण खरोखरच पूर्ण विधानालाच मोडत असेल, तर मित्राची सहा स्थळं चुकीच्या जागी मोजली होती, आणि तुझ्याकडे अधिक रंजक पेपर आहे. रडून माफी मागायला जाऊ नकोस. सर खवळले तर खवळू देत. काही जण खवळतात. दुसऱ्या दिवशीही गणिताबद्दल बोलायला तयार नसतील, तर सल्लागार समितीतल्या दुसऱ्या कुणाकडे ते पान घेऊन जा.

व्याख्यानाचं फार मनावर घेऊ नकोस. आयोजकांना दोन ओळींची मेल, "सुधारित अ‍ॅब्स्ट्रॅक्ट जोडला आहे". रोजचा प्रकार आहे त्यांच्यासाठी.

राहिले बरोबरच्यांचे पेपर. संयुक्त विभागात हा ताप असतोच, कारण एका कॉरिडॉरमध्ये दोन मोजपट्ट्या टांगलेल्या असतात. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाच्या मापनाच्या २०१५ च्या पेपरवर ५१५४ लेखक होते; तेहतीस पानांतली चोवीस नावं आणि संस्थांच्या यादीतच गेली. तुझ्या पेपरवर एक नाव असेल, फार तर दोन. याची त्याच्याशी बेरीज-वजाबाकी करत बसशील तर वेडी होशील.

सर किती वाजता कुठल्या जिन्याने वर येतात, हे महिनाभरात तुला पाठ झालं असेलच. उद्या त्याच जिन्यावर थांब.