माणसं काही गॅसचे रेणू नाहीत, मग शहरातल्या प्रवासाच्या मॉडेलमध्ये एन्ट्रॉपी (एखादी वाटणी किती प्रकारांनी होऊ शकते याचं माप) कशी काय चालते?

शिकत असताना मलाही हेच खटकायचं. पण माणसं रेणूंसारखी वागतात असं हे मॉडेल म्हणतच नाही. कोण कुठून कुठे कामाला जातो हे आपल्याला माहीत नसतं, फक्त बेरजा माहीत असतात (कुठल्या वस्तीतून किती जण निघतात, कुठे किती नोकऱ्या आहेत), आणि त्या बेरजांपलीकडे पदरचं काही घुसडायचं नाही एवढंच एन्ट्रॉपी सांभाळते.

मोजूनच बघा. 4 माणसं, 2 ऑफिसं. सगळे पहिल्याच ऑफिसात, याचा प्रकार 1. तीन पहिल्यात एक दुसऱ्यात, याचे 4, आणि दोन-दोनचे 6. माणसं 100 केली की 50-50 चे प्रकार जवळपास 1 वर 29 शून्यं इतके होतात, म्हणजे दुसरं काहीच माहीत नसेल तर पैज त्याच्याच आसपास लावायची. ब्रिटिश संशोधक ॲलन विल्सननी 1967 मध्ये हे गणित प्रवासाच्या फेऱ्यांना लावलं आणि तोवर न्यूटनच्या नियमावरून उचललेलं ग्रॅव्हिटी मॉडेल (ठिकाणं मोठी तितक्या फेऱ्या जास्त, अंतर वाढलं की कमी) त्यातून आपोआप बाहेर पडलं, हे मला आजही भारी वाटतं.

आता अंतर आणू. वस्ती अ मधून 100 जण निघतात, ब मधून 200, आणि प, फ या दोन्ही ठिकाणी 150-150 नोकऱ्या. अ-प आणि ब-फ 2 किमी, बाकी दोन्ही जोड्या 5 किमी. नुसत्या बेरजा पाळल्या तर अ मधले 50-50 वाटले जातात, सरासरी प्रवास 3.5 किमी येतो. पण सर्व्हेत सरासरी 3.1 निघाली तर अ-प 70, अ-फ 30, ब-प 80, ब-फ 120 असं होतं आणि बीटा, म्हणजे अंतर लोकांना किती नकोसं वाटतं तो आकडा, साधारण 0.21 येतो. इथे खरं तर सरासरीच सगळं ठरवते, एन्ट्रॉपीची गरज पडत नाही, पण 50 झोन, म्हणजे शहराचे छोटे भाग, घेतले की 2500 आकडे शोधायचे आणि अटी फक्त 101, तिथे तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

एक मात्र सांभाळा, झोनच्या आतलं अंतर 0 टाकू नका. मी टाकलं होतं, आतल्या आतल्या फेऱ्या भलत्याच फुगल्या आणि दोन दिवस मी कोडमध्ये चूक शोधत बसलो.