लोक शिक्षकाची नोकरी का निवडतात? आवड म्हणून, की पगार आणि सुट्ट्यांसाठी?

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या पिढीचं खरं सांगायचं, तर आवडीचा प्रश्न फारसा कुणी विचारलाच नाही. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. करायचं आणि नोकरीला लागायचं, असा सरळ हिशेब होता. वडील म्हणाले, "इंजिनिअरिंगचा खर्च झेपायचा नाही, तू बाई हो शाळेत." झाले. घरची परिस्थिती पाहून कुणी हा रस्ता धरला, तर त्यात कमीपणा नाही, असं मला मनापासून वाटतं.

पगाराचं म्हणाल, तर २०१० मध्ये मी शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर काम करणारी शिक्षिका म्हणून लागले तेव्हा मानधन होतं महिना ३००० रुपये. २०२३ पासून प्राथमिकला ते १६००० झालंय. पण आता आधी टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसायचं. नुसत्या सुट्ट्यांसाठी एवढं कोण सोसेल?

माझ्यापुरतं विचाराल, तर मी ही नोकरी निवडली ती रुजू झाल्यावर काही महिन्यांनी. शाळा बंजारा तांड्यावरची. पहिलीतला एक मुलगा तोंडच उघडायचा नाही. फळ्यावर 'आई' लिहून मी रोज वाचून घ्यायचे, तो नुसता बघत राहायचा. शेवटी चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्यात आईला याडी म्हणतात."

घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलणाऱ्या लेकराला मी चार महिने परक्या शब्दानं हाक मारत होते! फळ्यावर 'याडी' लिहिलं. तो उठला, अक्षरांवर बोट ठेवत म्हणाला, "या... डी." मग पुन्हा, मोठ्यानं. मग खडू घेऊन सगळ्या ओट्यावर याडी, याडी. मला रडू आवरेना. डी.एड.ला पाठ घेतले, टाचणं काढली, पण आपण कशासाठी उभे आहोत हे मला त्या दिवशी कळलं. पुढे शहराजवळ बदली मागायची संधी आली, तेव्हा मी अर्ज भरला नाही.

दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. सगळं विसरून येईल, हीच धास्ती होती. पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर परतला, तर दप्तर खाली ठेवायच्या आधी विचारतो, "बाई, बाटी कशी लिहायची?"

बाटी म्हणजे भाकरी.