पावसाच्या पंधरा दिवस पुढे

बाळा, सप्रेम आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. ब्रोकोली, लेट्यूस, चेरी टोमॅटो, लाल-पिवळी ढोबळी मिरची, आणि हे सगळं पहिल्या पावसात लावायचं! ज्याचे व्हिडिओ तू बघतोस तो माणूस बहुधा उटीला राहतो. तू गोरेगावात राहतोस. यादी फाडू नको, कपाटात ठेव. त्यातला टोमॅटो दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढू, बाकीचं बाजारातून आण.

मुंबईच्या परसात मी एकच गोष्ट सांभाळते: पावसाच्या पंधरा दिवस पुढे राहायचं. जुलैत सांताक्रूझच्या वेधशाळेत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. २६ जुलै २००५ ला तर एका दिवसातच ९४४ मिलिमीटर पडला होता. अशा महिन्यात कुदळ चिखलात रुतते, पेरलेलं बी कुजतं आणि आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. जे वेल त्याआधी मांडवावर चढले, तेच गणपतीत भाजी देतात. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून असली, तरी २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला. म्हणून कॅलेंडरात २० मेवर खूण कर. तोवर वाफे, चर, मांडव, बियाणं सगळं जागेवर हवं.

आधी ऊन बघ. मेच्या मध्याला, १५ तारखेच्या आसपास, मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी अंगणात उभा राहिलास तर सावली पायाखालीच सापडेल आणि तुला वाटेल, वा, सगळ्या परसात ऊन आहे! हुरळून जाऊ नको. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य दक्षिणेला इतका कलतो की ऐन दुपारीही भिंतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी लांब पडते, आणि तुमच्या दक्षिणेला तर इमारती उभ्या आहेत. पावसाळी वेल कुठेही चालतील. हिवाळ्यात मात्र दोन इमारतींच्या फटीतून जिथे ऊन येतं, तोच कोपरा कामाचा. बाबांची स्कूटर नेमकी तिथे असते. त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेव, ऐन वेळी वाद नको.

मग माती. पहारीने एक वीतभर खणून पाहा. विटांचे तुकडे, फरशीचे कपचे, प्लॅस्टरचे ढेकूळ निघाले तर नवल नाही. मुंबईत कितीतरी परसं भरावावरच आहेत. तो भराव उपसत बसू नको, त्यात उन्हाळा निघून जाईल. त्याच्यावरच फूटभर उंच गादीवाफे कर. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. लाल माती, शेणखत आणि पालापाचोळा यांचे थर दे. शेणखत आरेच्या तबेल्यांतून मिळतं, पण काळं, भुसभुशीत आणि वास गेलेलंच घे. ओलं शेण स्वस्तात देतो म्हणाले तरी नको. त्यातून हुमणी, म्हणजे मातीतली पांढरी अळी, येते आणि मुळं खाऊन टाकते. दोन वाफ्यांमधले चर गटाराकडे उतरते ठेव. एक बादली पाणी ओतून बघ, ते थांबता कामा नये. मुंबईत भाजी पाण्यावाचून मरते त्याहून जास्त ती साचलेल्या पाण्यात मरते. त्यात साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूचे डास, त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच टाक.

मांडव बी रुजण्याआधी उभा करायचा. वेल वर आल्यावर बांबू रोवलेस तर मुळं दुखावतात. उंची आजीच्या हाताला लागेल एवढी ठेव, कारण तोडणार तीच आहे. बांबू जाड घे. भिजलेल्या दुधीच्या वेलाचं वजन तुला वाटतं त्यापेक्षा बरंच असतं.

पेरायचं काय, हे आजीला विचार. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला ती जी भाजी करते, तिच्यातच पावसाळी परसाची सगळी यादी आहे: अळू, माठाचे देठ, दोडका, पडवळ, भोपळा, भेंडी, मक्याची कणसं. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणजे परसातलंच खायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच हवेसाठी वाण काढलेले आहेत, दोडक्यात कोकण हरिता, पडवळात कोकण श्वेता, कारल्यात कोकण तारा. मिळाले तर तेच घे. वेलांचं बी मेच्या तिसऱ्या आठवड्यात टोच आणि पाऊस येईपर्यंत संध्याकाळी पाणी घाल. पालिकेची पाणीकपात असली तर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बादलीत साठव, साबणाचं नको. भेंडी, लाल माठ आणि मका पहिल्या सरींवर. अळूचे कंद नळाजवळच्या ओलीत, एकाच कोपऱ्यात, नाहीतर ते परस गिळतं.

आता तुझा तो प्रश्न, वेलाला फुलं येतात पण फळ धरत नाही. सुरुवातीची फुलं बहुतेक नर असतात, त्यांची काळजी करू नको. ज्या फुलामागे इवलंसं फळ दिसतं ते मादी. काकडी, कारली, भोपळा सकाळी फुलतात, मधमाश्या येतात आणि काम होतं. दोडका संध्याकाळी उमलतो, दुधी आणि पडवळही दिवस मावळल्यावर. त्यांना पतंग लागतात, आणि पावसाच्या झडीत ते फिरकत नाहीत. तेव्हा अंधार पडला की टॉर्च घेऊन जा, नर फूल तोड, पाकळ्या मागे दुमड आणि त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने लाव. तुझ्या बहिणीला हे काम दे, तिचा हात तुझ्यापेक्षा नाजूक आहे. पडवळ वाकडंतिकडं वाढायला लागलं की टोकाला सुतळीने छोटासा दगड बांध, सरळ होतं.

शत्रू दोन. पहिली फळमाशी: कोवळ्या फळाला भोक पाडून अंडी घालते, फळ पिवळं पडून आत किडतं. फळ बोटभर झालं की त्याला कागदी पिशवी घाल आणि एक गंधसापळा, म्हणजे वासाने माशीला ओढून अडकवणारी डबी, टांग. किडलेलं फळ खताच्या खड्ड्यात टाकू नको. अळ्या मातीत जाऊन पुन्हा माश्या होतात. ते पिशवीत बंद करून उन्हात ठेव.

दुसरी ती मोठी आफ्रिकी गोगलगाय, मुठीएवढी. तिच्याशी गोडीगुलाबी नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर ती भिंतीच्या फटींतून बाहेर येते, एका खेपेला शेकड्याने अंडी घालते आणि एका रात्रीत भेंडीची सगळी रोपं साफ करते. रात्री जेवणानंतर टॉर्च घेऊन फिरायचं, हातात मोजे घालायचे (तिच्यातून माणसाला बाधणारे जंत येऊ शकतात) आणि उचलून घट्ट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ थेट वाफ्यात टाकू नको, माती बिघडते. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून कोपऱ्यात टाकलंस तर सकाळी त्याच्याखाली जमलेल्या सापडतात. शेजाऱ्यांनाही सांग, कारण त्या कंपाउंडची भिंत मानत नाहीत. जूनमध्ये हे रोज केलंस तर ऑगस्ट सुखाचा जातो. जूनमध्ये कंटाळलास तर माठ विकत आण.

घुशींचं काय करायचं म्हणशील, तर मलाही त्या पुरून उरल्यात. विटा उभ्या गाडून वाफ्याची कड बंद करते, एवढंच.

भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडली तर तो केवडा रोग. औषधं शोधू नको, झाड उपटून टाक. पांढरी माशी तो दुसऱ्या झाडांवर नेते.

हिवाळ्याची तयारीही पंधरा दिवस आधीच. सप्टेंबरात टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं पडवीत, पावसाच्या मारापासून दूर तयार कर. हस्ताचा पाऊस, आपला हत्तीचा, ओसरला की ऑक्टोबरच्या मध्यानंतर लाव. ते दिवस फार तापतात, म्हणून संध्याकाळी लावायचं आणि पाल्याचं आच्छादन करायचं. टोमॅटोला फळ धरायला रात्री थोड्या गार व्हाव्या लागतात, त्यामुळे दिवाळीत टोमॅटो दिसला नाही म्हणून रडू नको. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर सरळ वाफ्यात. धणे चपलेने रगडून दोन फाकी करून पेर, पण एकदम नाही. दर पंधरवड्याला एक ओळ. एका कडेला वाल लाव, आजीच्या बिरड्यासाठी. कोबी-फ्लॉवरच्या वाटेला जाऊ नको, आपल्याकडे गड्डा धरेपर्यंत उन्हाळा लागतो.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीतला झाडलेला पाला जाळू देऊ नको. पोत्यांत भरून ठेव. पावसाळ्यात ओल्या कचऱ्यावर मूठमूठ टाकलास की खड्ड्याला वास येत नाही आणि आई कुरकुरणार नाही.

यंदा दोनच वाफे कर. तिसऱ्याची हौस पुढच्या वर्षी. रोज अर्धा तास देणारी माणसं घरात किती आहेत, ते मला माहीत आहे.

मेच्या दुसऱ्या रविवारी मी येते. बांबू आणि काथ्या आणून ठेव. दोडक्याचं बी माझ्याकडे आहे, राखेत ठेवलेलं. स्कूटरचं बाबांशी तोवर बोल.

तुझी मावशी