चौदा फुटांची गल्ली, १४०० फुटांचा स्लॅब: बूम पंप लावावा की लाईन पंप?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. औशाच्या जुन्या वस्तीत वाडा पाडून तळमजला आणि वर दोन मजले बांधताय. स्लॅब साधारण १४०० चौरस फूट, जाडी ५ इंच. गल्ली १४ फुटांची आणि मोठा रस्ता घरापासून ३५ मीटरवर. माल लातूरच्या आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटवरून येणार, म्हणजे वीसेक किलोमीटर. गुत्तेदार बूम पंपाचा (गाडीवरच्या लांब घडीच्या हातातून काँक्रीट टाकणारा) आग्रह धरतोय, शेजारी लाईन पंप (रस्त्यावर उभा राहून जोडलेल्या पाईपांतून काँक्रीट ढकलणारा) सुचवतायत आणि मिस्त्रीला मिलर-लिफ्टच (जागेवरच माल कालवून लिफ्टने वर चढवणं) बरी वाटते. पहिला स्लॅब मे महिन्यात पडणार आहे.

तुमच्या जागेला लाईन पंपच लावा. हे मी गल्लीच्या मापावरूनच सांगतोय, भाड्याचा हिशेब त्यानंतरचा.

बूम पंपाची गाडी अडीच मीटर रुंद असते, त्यामुळे ती १४ फुटांच्या गल्लीत शिरेलही. पण काम करताना तिला चारही पाय बाहेर काढून उभं राहावं लागतं आणि ३६ मीटरच्या बूमला त्यासाठी सहा-आठ मीटर रुंदी लागते. तुमची गल्ली सव्वाचार मीटरच्या आसपास आहे. काही गाड्या एका बाजूचे पाय अर्धे काढून चालवता येतात, पण मग बूम त्या बाजूला फिरवता येत नाही आणि ऑपरेटरच्या एका चुकीत गाडी कलंडू शकते. बूम मोठ्या रस्त्यावर उभा केला तर ३६ मीटरच्या बूमची आडवी पोहोच बत्तीसेक मीटरच असते. म्हणजे तो घराच्या पुढच्या भिंतीपर्यंतही पोहोचणार नाही, मागच्या खोल्यांचं तर विचारूच नका. त्यात जुन्या वस्तीत महावितरणच्या तारा डोक्यावरूनच गेलेल्या असतात. बूम म्हणजे अख्खा लोखंडी हात. ११ केव्हीच्या तारेला तो टेकायलाही लागत नाही, फार जवळ गेला तरी वीज उडी मारते. पाच मीटरपेक्षा जवळ जायचं असेल तर रीतसर अर्ज करून लाईन बंद करून घ्या. "सांभाळून फिरवतो" म्हणणाऱ्या ऑपरेटरवर ही गोष्ट सोडू नका.

बूमचं काम मोकळ्या जागेचं. शेंद्र्याला किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याची फरशी, मोठा राफ्ट (अख्ख्या इमारतीखालचा पायाचा स्लॅब), एका दिवसात दीड-दोनशे घनमीटर माल असं काम असेल तर बूमला तोड नाही. तिथेही पावसाळ्यात काळ्या रानावर गाडी उभी करायची तर पायांखाली रेल्वेचे लाकडी स्लीपर किंवा जाड प्लेटा हव्यातच. आपली काळी माती वरून वाळलेली दिसते आणि आत लोण्यासारखी असते.

मिलर-लिफ्टबद्दल मिस्त्रीचं सगळंच चूक नाही. छोट्या कामाला ती चालते. पण एका गोणीचा मिलर तासाला पंधरा-वीस घाण्यांवर जात नाही, म्हणजे तासाला अडीच-तीन घनमीटर. तुमचा स्लॅब ५ इंची धरला तर साडेसोळा घनमीटर होतो आणि बीम धरून एकवीस-बावीस. मिलरवर सात-आठ तास लागतील, तेही मेच्या उन्हात, आणि दरम्यान लिफ्ट बंद पडली तर अर्ध्यावर जोड राहणार. मिलरचा माल लाईन पंपात ओतू असंही कुणी सुचवेल, तेही ऐकू नका. तासाला तीस घनमीटर ढकलणाऱ्या पंपाला तीन घनमीटर माल म्हणजे तो सारखा थांबणार, आणि थांबलेली लाईन म्हणजे चोक (माल आत अडकून तुंबणं).

आता खरा मुद्दा. लाईन पंप ठरला एवढ्याने काम होत नाही. त्यातून माल सहज जाईल अशी सगळी व्यवस्था आधी करावी लागते. नाहीतर स्लॅबच्या दिवशी लाईन अडते, घाई होते आणि कुणीतरी टीएमच्या (माल आणणाऱ्या ट्रान्झिट मिक्सर गाडीच्या) ड्रममध्ये पाण्याचा पाईप सोडतो. घनमीटरमागे ५ लिटर पाणी वाढलं की स्लम्प (मालाच्या पातळपणाचं माप) साधारण २५ मिलिमीटर वाढतो आणि ताकद एक-दीड एमपीए उतरते. ६ घनमीटरच्या गाडीत शंभर लिटर पाणी गेलं तर तुम्ही एम २५ चे (२५ एमपीए ताकदीच्या मालाचे) पैसे मोजून एम २० च्या जवळपासचा माल घरात टाकला. किल्लारी तुमच्याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं काय करून गेली, हे औशात कुणाला सांगायला नको. आरसीसीवर आपण भरवसा ठेवतो तो कॉलम-बीमच्या जोडातल्या काँक्रीटवर, आणि जास्तीचं पाणी नेमकं तिथेच घात करतं. म्हणून मी पंप निवडताना एकच कसोटी लावतो: या जागी, या उन्हात, या मालात पाणी न वाढवता तो चालेल का?

उंचीची काळजी करू नका. काँक्रीटच्या उभ्या पाईपमध्ये चार मीटरला साधारण एक बार दाब लागतो. सात मीटरवरच्या दुसऱ्या स्लॅबला त्याचे दोन बारही होत नाहीत. आपल्याकडे पंप अडतो तो बेंड, रबरी होज, ऊन आणि खडी यांच्यामुळे. काटकोनातला एक बेंड सरळ पाईपच्या तीनेक मीटरइतकं ओझं टाकतो, आणि रबरी होज स्वतःच्या लांबीच्या तिप्पट. तुमच्याकडे ३५ मीटर गल्ली, सात मीटर उभा पाईप (ढोबळ हिशेबात त्याचे आडवे २८ धरा), चार बेंड आणि चार मीटर होज धरून सत्त्याऐंशीच्या घरात जातं. वर स्लॅबवरचे दहा-बारा मीटर धरले की शंभर. कुठलाही धडका ट्रेलर पंप एवढं सहज ओढतो. म्हणून मोठ्या ताकदीच्या पंपासाठी जास्त भाडं देऊ नका. तेच पैसे चांगल्या पाईपांसाठी आणि एका जादा टीएमसाठी ठेवा.

पाईप १२५ मिलिमीटरचेच मागा. खडीचा सगळ्यात मोठा दाणा पाईपच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठा नसावा, आणि २० मिलिमीटरच्या खडीला १२५ मध्ये ऐसपैस जागा मिळते. आपली खडी काळ्या पाषाणाची. चांगल्या क्रशरची असेल तर दाणा घनाकार येतो, नाहीतर चपट्या कपच्या निघतात आणि बेंडमध्ये आडव्या बसतात. नदीची वाळू आता मिळत नाही म्हणून सगळे क्रश सँडवर आहेत. त्याला हरकत नाही, पण ती धुतलेली हवी. नुसती कच आली तर ती पाणी पिते आणि माल चिकट होतो. उलट बारीक कण फारच कमी असतील तर सिमेंटचं पाणी पुढे पळतं आणि खडी मागे राहते. वाळूतला ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा भाग १५ ते ३० टक्के असावा. प्लँटला "पंपाचं मिक्स द्या" एवढंच म्हणू नका, वाळूचा चाळणी-अहवालच मागा. चांगला प्लँट तो काढून देतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी पाईप आले की स्वतः उभं राहून बघा. प्रत्येक क्लॅम्पमध्ये रबरी गॅस्केट आहे का? हे मी सगळ्यात आधी तपासतो. गॅस्केट फाटलेलं असेल तर जोडातून करडं पाणी ठिबकत राहतं. दिसायला ते किरकोळ वाटतं, पण सिमेंटचं ते पाणी म्हणजे मालाचं वंगण. ते गेलं की त्या जोडाच्या पुढे कोरडी खडी साचत जाते. थोड्या वेळाने पंपाचा ठोका जड होतो, लाईन धक्का घ्यायला लागते आणि हॉपरपाशी (पंपाच्या माल ओतायच्या तोंडापाशी) ऑपरेटर दाबाच्या काट्याकडे बघू लागतो. मग पाईपवर हातोडीने टकटक करत जायचं. खणखणीत वाजतो तो पाईप मोकळा, बद्द वाजला तर तिथे चोक. तो जोड उघडण्याआधी पंप उलटा चालवून दाब उतरवणं सक्तीचं आहे. भरल्या दाबात क्लॅम्प सोडला की खडी गोळीसारखी सुटते, माणसाचा डोळा जातो. पंपाचीही चौकशी करा: आतली वेअर प्लेट आणि कटिंग रिंग शेवटची कधी बदलली? त्या झिजल्या की गळती पंपातच होते आणि मग वरच्या पाईपांना दोष देऊन उपयोग नसतो.

उभा पाईप सेंट्रिंगला (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंना) बांधू देऊ नका. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला लाईन हलते आणि टेकू सैल होतात. खालच्या मजल्यावर पक्का झालेला कॉलम धरून बांधा. पहिल्या स्लॅबच्या वेळी तो नसेल तर बाहेरून स्वतंत्र परांची उभी करा. स्लॅबवरचे पाईप सळयांवर टेकवू नका, जुने टायर टाकून त्यांवर ठेवा, नाहीतर वरची जाळी दबून खालच्या जाळीला भिडते. लांबच्या टोकापासून भरत मागे या आणि एकेक पाईप काढत जा. एका जागी ढीग करू नका.

मे महिना म्हणजे वेळ सांभाळा. पहिली गाडी पहाटे पाचला साईटवर हवी आणि दहाच्या आत काम आटपलेलं हवं. आडव्या लाईनवर ओलं गोणपाट टाका, कारण बेचाळीस डिग्रीत लोखंडी पाईपला हात लावता येत नाही आणि आतला माल घट्ट होतो. आयएस ४९२६ प्रमाणे गाडीत माल भरल्यापासून दोन तासांत तो उतरला पाहिजे, आणि भरल्याची वेळ चलनावर असते. ती आधी वाचा, मगच गाडी हॉपरला लावू द्या.

गाड्या किती? बावीस घनमीटरला सहाच्या चार. लातूर-औसा पाऊण तास धरा, उतरवायला अर्धा तास. तीन गाड्या लावल्या तर पहिली परत जाऊन चौथी खेप घेऊन येईपर्यंत अर्धा-पाऊण तासाची खोट पडते आणि नेमका तोवर सूर्य वर आलेला असतो. चार वेगळ्या गाड्या मागा. खंड पडलाच तर हॉपर अर्धा भरलेला ठेवून ऑपरेटरने दर पाच-दहा मिनिटांनी दोन-चार ठोके मागेपुढे मारत राहायचं. गाड्या मोठ्या रस्त्यावरच थांबवा. भरलेली टीएम पंचवीस टनांच्या घरात जाते, गल्लीतल्या गटारांवरचे ढापे तिला पुरणार नाहीत आणि शेजाऱ्यांशी वर्षभराचं वैर होईल.

माल घट्ट आलाच तर पाण्याऐवजी प्लँटच्या माणसाकडून एडमिक्श्चरचा (माल पातळ करणाऱ्या रसायनाचा) डोस घालून घ्या आणि ड्रम पाच-सहा मिनिटं जोरात फिरवा. प्लँटचा माणूस साईटवर हजर हवा, ही अट ऑर्डर देतानाच घाला.

सुरुवातीला लाईन ओली करायला सिमेंटची स्लरी सोडतात. ती कॉलमच्या तोंडात किंवा बीममध्ये पडू देऊ नका, घमेल्यांत झेलून बाजूला काढा. त्या पहिल्या काही मिनिटांत होजच्या तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही, लाईनीतली हवा सुटताना होज फटका मारतो. शेवटी स्पंजचा गोळा सोडून लाईन धुवायला बरंच पाणी लागतं, म्हणून टँकर आदल्या रात्रीच सांगून ठेवा. १२५ च्या पाईपमध्ये मीटरला १२ लिटरच्या वर माल अडकतो. पन्नास-साठ मीटर लाईनीत पाऊण घनमीटरपर्यंत जातो, तो शेवटच्या गाडीच्या हिशेबात धरा.

भाड्याचं असं आहे की प्लँटवाले पंपाला किमान आकार लावतात, स्लॅब लहान असला तरी. तुमच्याच गल्लीत किंवा जवळपास दुसरं कुणी त्या आठवड्यात स्लॅब टाकत असेल तर पंप एकाच फेरीत दोघांनी घ्या, प्लँटवाले सहसा दर कमी करतात.

क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) मात्र सोडू नका. आयएस ४५६ प्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने, प्रत्येकाचे २८ दिवसांसाठी तीन क्यूब, ७ दिवसांच्या चाचणीचे वेगळे. नमुने टीएमच्या तोंडाशी घेतात, पण मी एक जादा नमुना वर होजच्या टोकाशी घ्यायला लावतो. ७ आणि २८ दिवसांचे अहवाल आले की इथे टाका. होजच्या टोकाचा आकडा गाडीच्या आकड्यापेक्षा बराच कमी आला तर पुढच्या स्लॅबआधी कुठे बघायचं ते सांगतो.