संधिसाधू: हा शब्द चोराच्या घरचा

नागपूरची एक विद्यार्थिनी विचारते: स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये सर म्हणाले, 'फ्रान्स कोसळताना पाहून मुसोलिनीने संधीचं सोनं केलं.' मग त्याला संधिसाधू म्हणायचं की संधीसाधू?

ऱ्हस्व. 'संधिवात' लिहिताना कोणाचं अडत नाही, इथेच का अडावं?

पण ते 'सोनं' आधी खाली ठेवा. जर्मनीपुढे फ्रान्स कोसळत असताना 10 जून 1940 ला मुसोलिनीच्या इटलीने फ्रान्स-ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा तिची सुमारे एक तृतीयांश व्यापारी जहाजं भूमध्य समुद्राबाहेर होती. त्यांना आधी परत बोलवावं हेही कोणाला सुचलं नाही, ती गेलीच. फ्रान्सवरची आल्प्समधली चढाई ऐन जूनमधली, तरी हिमदंशाने दोन हजारांवर सैनिक आडवे झाले. याला सोनं म्हणत असाल तर इतवारीच्या सराफ्यात जरा जपून जा, बाप्पा!

आता शब्द. सांधा, तह, व्याकरणातला संधी हे सगळं शाळेत झालंय. संस्कृतात चोराने भिंतीला पाडलेलं भोक हीसुद्धा संधीच! हिंदीतली 'सेंध' ती हीच. आपल्याकडे हिंदी पेपरात 'सेंधमारी' नेहमी दिसते. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला चोर शर्विलक नायक चारुदत्ताचं घर फोडतो तो अंक वाचाच. संधीचे सात आकार तो गणतो: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक वगैरे. विटा भाजक्या, म्हणून पूर्णकुंभ निवडतो. मापाची दोरी विसरलाय, तर जानव्याने मोजतो!

'संधिसाधू'त हीच संधी आहे, असं माझं ठाम मत. पुण्याचे एक व्युत्पत्तिकार 'काळाचा सांधा, म्हणून मोका' असं समजावतात. मग 'संधी मिळाली' याला कोणी हरकत घेत नाही आणि 'साधली' म्हटलं की भुवया का उंचावतात? सांध्याने याचा उलगडा होत नाही, भोकाने होतो.

तहाचा अर्थही इथे चपखल बसतो म्हणा. तहाच्या टेबलाशी बसायला आपले काही हजार मेलेले हवेत, असं मुसोलिनी म्हणाल्याचं त्याचाच सेनाप्रमुख बादोल्यो याने लिहून ठेवलंय. म्हणजे विग्रह (युद्ध) करायचा तोच संधीसाठी (तहासाठी). कौटिल्यानेही कपाळाला हात लावला असता. 24 जूनला फ्रान्सशी युद्धविराम झाला. पदरात पडलं ते मांतों नावाचं सरहद्दीवरचं शहर आणि डोंगरातल्या थोड्या पट्ट्या. शर्विलक निदान दागिने घेऊन बाहेर पडला होता.