छोट्या ख्रिस्ती कॉलेजातून फिल्म, व्हिडिओ आणि फोटोग्राफी शिकावी का?

‘चर्चच्या प्रचारफिल्मा सोडून तिथे काय शिकवणार, असं घरचे म्हणतात,’ हे तुम्ही लिहिलंय म्हणून उत्तर देतेय. हेच वाक्य मी माझ्या मावसभावाकडून दर दिवाळीत ऐकलंय.

मुळात चर्चला हे काही नवं नाही. कॅथलिक चर्चच्या जागतिक सभेने, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, १९६३ सालीच प्रसारमाध्यमांवर आदेश काढला होता. मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स निघाली १९६९ मध्ये, आणि १९७० मध्ये गास्तों रोबेर्ज या येशूसंघी (जेझुइट) फादरांनी कोलकात्यात ‘चित्रबाणी’ हे सिनेमा-संवादमाध्यमांचं केंद्र सुरू केलं. आज स्वतःच्या जाहिराती करणाऱ्या चकचकीत अकॅडम्या तेव्हा कुठे होत्या?

मी मुंबईतच फादर लोकांच्या एका लहानशा कॉलेजात डिप्लोमा केला. मिनी-डीव्हीचा, म्हणजे छोट्या टेपवर शूट करायचा जमाना. वर्ग एवढासा, की कॅमेरा हातात घेतला नाही तर लपायला जागा नव्हती. आमचं पहिलं मुलाखतीचं शूट कफ परेडच्या मच्छीमार नगरात, एका कोळीणमावशींच्या घरी. साउंड शिकवणारे फादर सोबत आले. हेडफोन कानाला लावला आणि पहिलं काय केलं, तर मावशींना विचारून फ्रिज बंद केला, त्याचं दार उघडून आपल्या स्कूटरची किल्ली बोंबलाच्या डब्याशेजारी ठेवून दिली. आम्ही बघतच राहिलो. म्हणाले, ‘किल्लीशिवाय मी घरी जाऊ शकत नाही, म्हणजे फ्रिज चालू करायचं विसरणार नाही. मावशींचा माल नासला तर उद्या तुम्हाला या वस्तीत कोण उभं करेल?’

मुलाखत संपल्यावर रूम टोनसाठी, म्हणजे एडिटला लागणारा खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करायला, मिनिटभर सगळ्यांनी चिडीचूप बसायचं होतं. मावशी मध्येच म्हणाल्या, ‘अगो, गप बसायचं पण शूटिंग असतं काय?’ झालं, परत पहिल्यापासून.

हा किस्सा मावसभावाला सांगितला, तर तो म्हणाला, ‘फ्रिजचा आवाज एडिटला काढता येतो.’ येतो ना! पण कॉम्प्रेसर मध्येच बंद पडतो. एका वाक्यामागे घरघर आणि पुढच्यामागे नाही, म्हणजे प्रत्येक कट कानाला टोचतो. सॉफ्टवेअरने जास्त साफ करायला जावं तर माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. मावसभावाने अंधेरीच्या एका अकॅडमीत लाखांनी फी भरली. भल्यामोठ्या बॅचमध्ये कॅमेरा किती वेळा हातात आला, हे विचारलं की विषय बदलतो.

धर्माचं म्हणाल तर मला कोणी प्रार्थनेला बस असंही म्हटलं नाही. कॉलेजागणिक हे बदलत असेल, माझ्यापुरतं सांगितलं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. सिनेमॅटोग्राफीच करायची असेल, तर पदवी घेऊन पुण्याच्या एफटीआयआयची, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा द्या. जागा मोजक्याच असतात, तरी द्या. लहान कॉलेजात सामान जुनं असतं, नोकरीच्या ओळखी कमी, आणि अल्पसंख्याक कोट्यामुळे बाकीच्यांना जागा किती उरतात तेही बघा. माहितीपत्रकातला स्टुडिओचा फोटो बघून भुलू नका. थेट जा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा, रविवारी कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते. आमच्याकडे रविवारी कुलूप असायचं, आणि ‘सुट्टीच्या दिवशी कॅमेराच मिळत नाही’ हे मावसभावाचं तेवढं एक म्हणणं मला आजही खोडता आलेलं नाही.