वाचक विचारतात : ऑक्सफर्ड नेमकं कुणी काढलं?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात ऑक्सफर्डची स्थापना १०९६ ची दिली आहे, दुसऱ्यात ११६७ ची. खरं साल कोणतं आणि संस्थापक कोण?
– विद्यार्थी, साखर पेठ, सोलापूर

दोन्ही सालांना आधार आहे, पण स्थापनेचं साल यातलं एकही नाही. ऑक्सफर्डला संस्थापक नाही, स्थापनेचा ठराव नाही, कोनशिला तर नाहीच. १०९६ च्या सुमारास तिथे काही ना काही अध्यापन चालू होतं, एवढंच सांगता येतं. ११६७ मध्ये दुसऱ्या हेन्री राजाने इंग्लिश विद्यार्थ्यांना पॅरिसला जायला मनाई केली आणि इथली गर्दी वाढली. पर्यायांत दोन्ही सालं आली तर प्रश्नात ‘अध्यापनाची सुरुवात’ म्हटलंय की ‘झपाट्याने वाढ’, ते आधी बघा.

त्या काळी विद्यापीठ म्हणजे मास्तरांचा संघ. कोष्ट्यांच्या किंवा सोनारांच्या संघात नवा कारागीर कुणाला म्हणायचं हे संघच ठरवतो, तसा हा प्रकार. एम.ए. म्हणजे शिकवण्याचा परवाना. संघाला स्वतःची इमारत नसायची. वर्ग भाड्याच्या खोल्यांत, समारंभ चर्चमध्ये. म्हणून गावाशी बिनसलं की बिऱ्हाड उचलून चालू लागायचं, हेच त्यांचं हत्यार होतं.

ते हत्यार १२०९ मध्ये चाललं. एका विद्यार्थ्याच्या हातून गावातल्या बाईचा जीव गेला आणि तो पळाला. चिडलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या बिऱ्हाडातल्या सोबत्यांना धरून फासावर दिलं, तेही जॉन राजाच्या संमतीने. मास्तरांनी शिकवणं बंद केलं आणि मंडळी पांगली. त्यातली काही केंब्रिजला जाऊन राहिली. केंब्रिज विद्यापीठाचा उगम तो हा.

१२१४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने तडजोड घडवली. तिच्यातली कलमं बघण्यासारखी आहेत : विद्यार्थ्यांच्या खोल्यांचं भाडं दहा वर्षं निम्मं, गरीब विद्यार्थ्यांसाठी गावाने दरसाल ५२ शिलिंग द्यायचे आणि संत निकोलसच्या दिवशी शंभर गरीब विद्यार्थ्यांना जेवू घालायचं. ऑक्सफर्डच्या ‘चॅन्सेलर’चा उल्लेखही प्रथम याच कागदात येतो. विद्यापीठाच्या अधिकारांचा पहिला भक्कम दस्तऐवज गावाशी झालेल्या भांडणातून निघावा, यात नवल वाटायचं कारण नाही.

त्यानंतर मात्र ऑक्सफर्ड-केंब्रिज या दोघांनी तिसऱ्याला उभं राहू दिलं नाही. नॉर्दम्प्टनचं विद्यापीठ १२६५ मध्ये राजाने बंद केलं. १३३३ मध्ये ऑक्सफर्डचे काही मास्तर स्टॅमफर्डला गेले, त्यांनाही राजाज्ञेने हुसकावलं. पुढे ऑक्सफर्डचा एम.ए. घेणाऱ्याला ‘स्टॅमफर्डला शिकवणार नाही’ अशी शपथच घ्यावी लागे आणि ती १८२७ पर्यंत चालू होती! छोट्याशा स्कॉटलंडात सोळावं शतक संपायच्या आत चार-पाच विद्यापीठं झाली. इंग्लंड दोनांवरच अडून राहिलं.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजला अर्ज करताना कॉलेज निवडायचं म्हणतात. मग पदवी कॉलेजची की विद्यापीठाची?
– पालक, जुळे सोलापूर

पदवी विद्यापीठाची. व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा विद्यापीठाकडे. प्रवेश, राहणं-जेवण आणि छोट्या गटातली शिकवणी कॉलेजकडे. आपल्याकडे विद्यापीठ कॉलेजला संलग्नता देतं आणि हवी तर काढून घेतं. तिथलं कॉलेज स्वतःच्या जमिनी आणि स्वतःची घटना असलेली वेगळी संस्था असते. वॉल्टर डी मर्टन याने १२६४ मध्ये जहागिरीचं उत्पन्न विद्यार्थ्यांच्या पोटापाण्याला लावून दिलं. मर्टन कॉलेज त्यातून उभं राहिलं.

शिकवणीत एका वेळी एक ते तीन विद्यार्थी. ऑक्सफर्डात तिला ट्युटोरियल म्हणतात, केंब्रिजमध्ये सुपरव्हिजन. दर आठवड्याला वाचनाची यादी मिळते, त्यावर निबंध किंवा गणितं करून न्यायची आणि समोर बसून त्याचा बचाव करायचा. सत्र जेमतेम आठ आठवड्यांचं. नोट्स आणि अपेक्षित प्रश्नसंचांवर वाढलेली मुलं पहिल्याच सत्रात गडबडतात, कारण ‘उत्तर बरोबर आहे’ एवढ्यावर तिथे भागत नाही; ‘तुला असं का वाटतं?’ हा प्रश्न पुढे उभाच असतो.

अर्ज ‘यूकॅस’ या ब्रिटनमधल्या सामाईक प्रवेश-अर्ज यंत्रणेमार्फत. या दोन विद्यापीठांसाठी मुदत १५ ऑक्टोबर, तिथले संध्याकाळचे सहा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. पाच पर्याय भरता येतात, पण एका वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांतलं एकच. कॉलेजवर फार डोकं खपवू नका. कॉलेज न निवडताही अर्ज करता येतो आणि त्याने संधी घटत नाही. एका कॉलेजात जागा नसली तर चांगला अर्ज दुसरं कॉलेज उचलू शकतं.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. बऱ्याच विषयांना प्रवेश चाचणी असते. तिची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची मुदत आधीच संपते. दुसरं म्हणजे राज्य मंडळाची बारावी पुरेशी धरली जाईल हे गृहीत धरू नका. भारतीय विद्यार्थ्यांसाठीची अट विद्यापीठाच्या पानावर शब्दन् शब्द वाचा आणि मगच कोचिंगवाल्याला पैसे द्या.

प्रश्न : आपली विद्यापीठंही इंग्रजांनीच दिली ना? मग ती ऑक्सफर्डसारखी का नाहीत?
– निवृत्त शिक्षक, बार्शी

कारण आपला नमुना ऑक्सफर्ड नव्हताच, लंडन होता. १८३६ मध्ये सनद मिळालेलं लंडन विद्यापीठ सुरुवातीला शिकवत नसे; वेगवेगळ्या कॉलेजांतल्या मुलांची परीक्षा घेऊन पदव्या देई. १८५८ पासून तर कॉलेजात न गेलेल्यालाही परीक्षेला बसता येऊ लागलं. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं याच साच्यावर निघाली. शिकवायचं कॉलेजाने, अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका विद्यापीठाची. सोलापूरची कॉलेजं पुढे पुणे, मग कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि २००४ पासून सोलापूर विद्यापीठ अशी फिरली. पाट्या बदलल्या, साचा तोच. निकालाला उशीर, पेपरतपासणीचा घोळ ही दुखणीही त्या साच्यासोबतच आली, असं आमचं मत.

प्रश्न : नावापुढे ‘एम.ए. (ऑक्सन)’ लिहिलेलं दिसतं. ही पदव्युत्तर परीक्षा असते का?
– वाचक, अक्कलकोट

नाही. ऑक्सफर्डच्या बी.ए.ला प्रवेशापासून २१ सत्रं, म्हणजे सात वर्षं उलटली की परीक्षा न देता एम.ए. घेता येते. नोकरीच्या अर्जात तिला आपल्या एम.ए.च्या बरोबरीची समजू नये.

प्रश्न : आमचा टॉवेल-चादरीचा कारखाना आहे. मुलाला वस्त्रोद्योग शिकायला इंग्लंडला पाठवायचं तर कुठे?
– कारखानदार, अक्कलकोट रोड

जुन्या जोडीकडे नको. ऑक्सफर्डात १८५४ पर्यंत चर्च ऑफ इंग्लंड या तिथल्या अधिकृत धर्मपंथाची कलमं मान्य केल्याशिवाय नावच दाखल होत नसे आणि उत्तरेकडचे बरेच कारखानदार त्या चर्चबाहेरचे होते. त्यांनी आपापल्या शहरात कॉलेजं काढली. मँचेस्टरचे कापूस-व्यापारी जॉन ओवेन्स यांच्या मृत्युपत्रातून १८५१ मध्ये ओवेन्स कॉलेज निघालं. धर्माची अट घालायची नाही, हे त्यांनी मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं. लीड्सला १८७४ मध्ये यॉर्कशायर कॉलेज निघालं. तिथल्या वस्त्रविभागाला लंडनच्या कापडवाल्यांच्या संघाने पैसा पुरवला आणि १९०४ मध्ये ते विद्यापीठ झालं.

आजही लीड्स आणि मँचेस्टर हीच नावं आधी बघा. पदव्युत्तर अर्ज बहुधा थेट विद्यापीठाकडे करायचा असतो आणि अभ्यासक्रम साधारण वर्षाचा असतो. फक्त विषयांची यादी उघडून पाहा : ‘टेक्स्टाइल’ या नावाखाली कुठे कापडाचं डिझाइन असतं, कुठे फॅशनचं मार्केटिंग. तुमच्या मुलाला सूत, विणकाम, रंगाई आणि फिनिशिंग हवं असेल, तर ते विषय यादीत नावानिशी असले पाहिजेत.